गॅस बंद केलाय ना?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आम्ही नात्यातल्या एका लग्नाला निघालो होतो. रिक्षा दारात उभी, मुलं आत बसलेली, हे कुलूप हातात घेऊन तयार, आणि मी आपली पायरीवरून परत फिरले.

"आता काय राहिलं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही, गॅसचं बटण तेवढं बघून येते."

हे हसले. हसणारच! ह्याच बटणापायी एकदा आमची एसटी चुकली होती. आत जाऊन पाहिलं तर बटण बंद, रेग्युलेटरही बंद. परत येऊन रिक्षात बसले आणि स्टँड येईपर्यंत मुहूर्ताला कोणती साडी नेसावी ह्याचीच चर्चा चालली होती. गॅस मनातून गेला तो गेलाच.

हे शेवटचं वाक्य जरा लक्षात ठेवा. आजचं माझं सगळं सांगणं त्याच्याच भोवती आहे.

आपल्या बायकांच्या दिवसाला अशा बारीकसारीक सवयींचा किती आधार असतो, नाही? सकाळी उठल्यावर दारात सडा, चार ठिपक्यांची का होईना रांगोळी, मग चहा. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. दिवेलागणीला केर काढायचा नाही. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही घालायचं. मी स्वतः शाळेत पेपर तपासायला बसले की मला माझं तेच लाल पेन लागतं. ते सापडलं नाही तर थोडी चिडचिड होते, मग शेजारच्या बाईंचं घेते आणि कामाला लागते.

ह्या सवयी काही वाईट नसतात. रोज नव्यानं विचार करायला लागू नये म्हणून मनानं करून ठेवलेली ती सोय असते. कठीण दिवसांत तर त्याच आपल्याला धरून ठेवतात. लहान मुलांचंही तसंच. दोन-चार वर्षांच्या पोराला तीच वाटी, तीच चादर, तीच गोष्ट त्याच शब्दांत हवी असते. मोठं झालं की आपोआप सुटतं.

माझी आजी कडक सोवळ्यात स्वयंपाक करायची. तिच्या चुलीजवळ जायची आमची टाप नव्हती. पण एकदा माझा धाकटा भाऊ अंगणात पडला नि त्याच्या कपाळाला खोक पडली, तर आजीनं हातातली पळी टाकली, तशीच धावत आली आणि मातीनं नि रक्तानं माखलेल्या पोराला पोटाशी धरलं. दुपारी पुन्हा अंघोळ केली, झालं. सोवळ्याओवळ्याच्या पायी किती माणसं दूर ठेवली गेली, किती बायकांचा जीव गांजला, ती कथा वेगळी आहे आणि तिचं कौतुक मी करणार नाही. पण आजीला ते मोडता येत होतं, हे मात्र खरं. नातवंडापुढं सोवळं मागं पडलं.

आता दुसऱ्या घरात चला माझ्याबरोबर.

माझ्या मोठ्या जाऊबाई. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. त्यांच्या परवानगीनं लिहितेय, आणि छापायला देण्याआधी हे सगळं त्यांना वाचून दाखवलंय. आमच्याच गल्लीत त्या राहतात. त्यांच्या घराची कीर्ती अशी की, 'वहिनींच्या फरशीवर ताटाशिवाय जेवावं!' हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका कौतुक करायच्या, सासूबाई माझ्याकडे बघत मुद्दाम सांगायच्या, "शिक जरा मोठीकडून." मीही मनातल्या मनात खट्टू व्हायची.

मग २०२० साली करोना आला आणि सगळं जगच हात धुवायला लागलं. आपण भाजी धुतली, दुधाच्या पिशव्या धुतल्या, कुणी कुणी तर नोटांना इस्त्री केली. त्या दिवसांत वहिनींचं वागणं कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. उलट 'बघा, ह्या आधीपासूनच किती दक्ष' असंच आम्ही म्हणालो. साथ ओसरली. आमचं पिशव्या धुणं थांबलं. वहिनींचं मात्र वाढत गेलं.

मला कळलं ते एका वहीवरून. त्यांची मुलगी माझ्याच शाळेत नववीत होती आणि मी तिच्या वर्गाला मराठी शिकवायची. वह्या तपासताना हिची वही हातात आली, तर पानं फुगलेली, कडा सुरकुतलेल्या आणि निबंधातली शाई सगळीकडे पसरलेली. मी रागावले. पोरगी खाली मान घालून म्हणाली, "काकू, मी नाही भिजवली. शाळेतून गेलं की आई दप्तर पुसते. प्रत्येक वही पुसते. मग माझी अंघोळ. म्हणून मी आता अभ्यास तुमच्याकडेच करून जाऊ का?"

ती गेले कित्येक दिवस संध्याकाळी आमच्या जिन्यात का बसायची, ते मला त्या दिवशी उमगलं. मी समजत होते, तिला माझ्या मुलांचा लळा आहे!

त्या रविवारी मुद्दाम गेले. वहिनी मोरीत होत्या. अर्ध्या तासानं बाहेर आल्या. हात लालभडक, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. लिंबू पिळलं तरी हात भगभगतात, म्हणाल्या. मी विचारलं, "वहिनी, एवढं कशाला धुता? हात स्वच्छच तर आहेत."

त्या एकदम रडायला लागल्या. "मला का दिसत नाही? स्वच्छ आहेत हे मला दिसतं गं. पण नळ बंद केला की आतून कुणीतरी विचारतं, नक्की ना? तुझ्यामुळं पोरीला काही झालं तर? मग पुन्हा नळ सोडते. मला स्वतःचीच लाज वाटते."

मैत्रिणींनो, इतकी वर्षं आम्ही जिला हौस म्हणत होतो ती हौस नव्हतीच. हौसेचं काम झालं की माणूस मागं सरून समाधानानं बघतो. वहिनींना ते समाधान एक मिनिटही मिळत नव्हतं.

ह्या आजाराला आपल्या मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. हल्ली कुणी डबे एका रांगेत लावले की 'मला जरा ओसीडीच आहे बाई' असं हसत म्हणायची पद्धत पडलीय. आमच्या स्टाफरूममध्येही ऐकते. वहिनींचे हात पाहिल्यापासून मला ते हसणं जमत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आम्हीही इतरांसारखेच भटकलो. कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं भजनी मंडळात घाला, मन रमेल. त्यात दीड वर्ष गेलं. शेवटी दादांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, जिल्ह्याच्या गावच्या मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. मीही बरोबर गेले. त्यांनी सांगितलेलं आणि मग मी वाचून समजून घेतलेलं, ते माझ्या भाषेत सांगते.

ह्या आजारात दोन गोष्टी असतात. एक, नको असताना पुन्हा पुन्हा घुसणारा विचार. दोन, त्या विचारानं उठलेली भीती शमवायला करावीच लागणारी कृती. कुणी धुतं, कुणी कुलूप तपासतं, कुणी पावलं मोजतं, कुणाचा जप मध्येच चुकल्यासारखा वाटतो म्हणून पुन्हा पहिल्या मण्यापासून, आणि पूजेला तीन तास लागतात. कृती केली की घटकाभर सुटल्यासारखं वाटतं, मग शंका पुन्हा उभी. गजकर्ण खाजवावं तसं. खाजवताना बरं वाटतं आणि त्यानंच ते चिघळतं.

आणि गंमत बघा, पुन्हा पुन्हा तपासल्यानं खात्री वाढते असं आपल्याला वाटतं, तर होतं उलटंच. मार्सेल व्हॅन डेन हाऊट आणि मेरेल किंट ह्या नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २००३ साली ह्याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांगल्या धडधाकट विद्यार्थ्यांना त्यांनी संगणकाच्या पडद्यावरच्या गॅसच्या शेगड्या चालू-बंद करायला आणि पुन्हा पुन्हा तपासायला लावल्या. त्यांना आठवत होतं ते बरोबरच होतं, पण ते आठवणं धूसर झालं आणि स्वतःच्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास उडाला. म्हणजे दहाव्यांदा बटण बघून आलेल्या बाईला पहिल्या वेळेपेक्षा कमीच खात्री वाटते. हल्ली निघताना गॅसचा मोबाइलवर फोटो काढून नेणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात घ्यावं. एखाद्या वेळी ठीक आहे. पण वाटेत तो फोटो सात वेळा उघडून बघत असाल, तर तेही तपासणंच झालं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपण बायका कुणाला सांगत नाही. भाजी चिरताना सुरी हातात असावी, बाळ शेजारी खेळत असावं, आणि मनात भलताच विचार यावा, 'मी ह्याला काही केलं तर?' किंवा देवासमोर हात जोडले की मनात घाणेरडं काहीतरी यावं. हे विचार तुम्हाला-मला, सगळ्यांनाच अधूनमधून येतात. स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्व्हा ह्यांनी १९७८ साली दाखवून दिलं की, आजार नसलेल्या बहुतेक माणसांच्या मनातही अगदी असलेच विचार येऊन जातात. आपण 'हॅट्' म्हणतो आणि कांदा चिरत राहतो. मंत्रचळ असलेली आई मात्र सुऱ्या कुलपात ठेवते, बाळाला एकटीनं घ्यायचं टाळते आणि 'मी राक्षसीण आहे' म्हणून आतल्या आत मरते. बाळंतपणानंतर हे सुरू होऊ शकतं किंवा बळावू शकतं. त्या विचारांची तिला दहशत बसते, कारण तिला ते बिलकुल नको असतात. असा विचार येणं म्हणजे तसं करण्याची इच्छा नव्हे. पण एक भेद ध्यानात असू द्या. बाळंतिणीला कानात आवाज येत असतील, बाळाबद्दल भलतंच काही खरं वाटायला लागलं असेल, तिची झोप उडून वागणं पार बदललं असेल, तर ते दुखणं वेगळं. मग एक दिवसही न दवडता डॉक्टर गाठायचे.

आता घरातल्या आपल्यासारख्यांचं काय चुकतं ते सांगते. डॉक्टरांनी आम्हाला विचारलं, "तुम्ही काय करता?" दादा अभिमानानं म्हणाले, "मी तिला कधी दुखवत नाही. ऑफिसातून आलो की दारातच कपडे बदलतो. ती म्हणेल तेवढ्या वेळा हात धुतो." मीही म्हटलं, "त्या दहा वेळा विचारतात, नक्की धुतलेस ना? मी दहाही वेळा न रागावता 'हो' म्हणते." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही सगळे मिळून आजाराची सेवा करताय."

खरं सांगते, मला फार लागलं ते. आपण माया म्हणून जे करत होतो त्यानंच त्यांचं दुखणं पोसलं जात होतं? पण विचार केला तर पटलं. माझं प्रत्येक 'हो' म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एकदा नळ सोडणंच होतं.

उपचार दोन. एक औषध. नैराश्यावर देतात त्यांतलीच काही औषधं ह्यावर चालतात, बहुधा जरा जास्त प्रमाणात. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नये. ह्या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. पण मनानं एकदम बंदही करायच्या नाहीत.

दुसरा उपचार सरावाचा. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराची हकीकत प्रसिद्ध केली. तोवर हा आजार हटत नाही असंच बहुतेक डॉक्टर मानत. त्यांची रीत सांगायला सोपी, करायला महाकठीण. ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम हात लावायचा आणि नेहमीची कृती करायची नाही. भीती चढते, चढते, आणि काही न करताही हळूहळू उतरते. पुन्हा पुन्हा केलं की मन शिकतं, 'धुतलं नाही तरी निभावतं.'

वहिनींना डॉक्टरांनी शिडी करून दिली. सगळ्यात खालच्या पायरीवर दाराची कडी. कडीला हात लावून दहा मिनिटं तसंच बसायचं. सगळ्यात वरच्या पायरीवर लेकीचं शाळेतून आलेलं दप्तर, न पुसता, पलंगावर! पहिल्या दिवशी कडीला हात लावून वहिनी माझ्या शेजारी बसल्या तेव्हा त्यांचा पदर घामानं भिजला होता. मी समजूत घालायची नाही, 'काही होत नाही' म्हणायचं नाही, असं ठरलं होतं. मी नुसती शेंगा सोलत बसले होते. त्यांनी विचारलंच, "काही होणार नाही ना गं?" मी म्हटलं, "वहिनी, हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही. पण मी इथंच बसलेय." त्या चिडल्या माझ्यावर. दहाची पंधरा मिनिटं झाली. मग त्यांनीही चार शेंगा घेतल्या.

दप्तरापर्यंत पोचायला सात महिने लागले.

आता तुमच्या घरासाठी. सवय कुठली आणि आजार कुठला, हे ओळखायला मी चार प्रश्न करून ठेवलेत.

१. काम झाल्यावर मन सुटतं का? की झालेलं काम लगेच पुन्हा करावंसं वाटतं?

२. प्रसंग पडला तर ती गोष्ट मोडता येते का? पाहुणे आले, मूल रडलं, उशीर झाला, तर सोडता येते का?

३. ह्यात दिवसाचा किती वेळ जातो? तासाभराहून जास्त जात असेल, किंवा वेळ कमी जाऊनही जीव कासावीस होत असेल, शाळा-नोकरी-संसार अडत असेल, तर डॉक्टरांना विचारलेलं बरं.

४. घरातल्या इतरांना त्यासाठी आपलं वागणं बदलावं लागतं का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील तर खुशाल रांगोळी काढा, कुलूप ओढून बघा. नसतील, तर त्या माणसाला हसू नका, 'अगदी नीटनेटकी आहे हो' म्हणून कौतुकही करू नका. नळ बंद करून ओरडू नका. 'मनावर ताबा ठेव' हे सांगून काही होत नाही, दम्याच्या माणसाला 'नीट श्वास घे' म्हणावं तसं ते आहे. आणि हे वाचून उद्यापासून एकदम सगळी मदत तोडूही नका. काय किती कमी करायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं, त्या माणसाला सांगून, थोडं थोडं ठरवायचं. हा आजार बहुधा वयात येताना किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो. तेव्हा मुलगा न्हाणीघरात तास तास घालवत असेल, मुलगी एकच ओळ खोडून दहादा लिहीत असेल, तर आळशीपणा म्हणून रागावण्याआधी जवळ बसून विचारा.

शंभरातल्या एक-दोघांना तरी आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. म्हणजे आपल्या प्रत्येकीच्या गल्लीत कुणीतरी असणारच. मोठ्या शहरी जाणं जमत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ सालच्या ऑक्टोबरात ती सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.

वहिनी पूर्ण बऱ्या झाल्या असं मी लिहिणार नाही. गोळी चालू आहे. घरात लग्नकार्य किंवा आजारपण निघालं की हात पुन्हा नळाकडे जातात, मग शिडीच्या खालच्या पायरीपासून नव्यानं सुरुवात. पण पुतणी आता आमच्या जिन्यात बसत नाही. परवा तिची वही तपासायला आली. पानं कोरडी खडखडीत, कडेला मात्र एक तेलकट डाग. विचारलं तर म्हणाली, "आईनं थालीपीठ करता करता वही हातात घेतली होती, काकू."

शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. गुण कापले. डागाचे मात्र कापले नाहीत!

पुढच्या आठवड्यात, उन्हाळी वाळवणं आणि मुंग्यांचा बंदोबस्त. तोवर येते हं.